भैरवीनंतरची बाजू

सिकंदराबाद,
१४ नोव्हेंबर १९३६

प्रिय उमे,

रेल्वेने एक खोका पाठवला आहे. जालन्याच्या स्टेशनवरून तो सोडवून आणलास की स्वतःच्या हाताने उघड. आत कापसाच्या गादीत गुंडाळलेल्या दोन तबकड्या आहेत. कसल्या ते मी आधी सांगणार नव्हते, पण माझ्याने राहवत नाही.

सिस्टर अगाथाची ती एकाच बाजूची, अर्धी तबकडी आठवते ना? रविवारची प्रार्थना झाली की ती आपल्याला वरच्या खोलीत बोलवायची आणि कर्ण्याजवळ गप्प बसवायची. बाखची ती दोन व्हायोलिने. आपण ती वाटून घेतली होती. वरचे तुझे, खालचे माझे. आपापल्या व्हायोलिनामागून मनातल्या मनात चालत जायचे, आणि त्या दोघी जरा कुठे जवळ आल्या की तबकडी संपायची. सुई कडेला खरखरत राहायची. सिस्टर म्हणायची, "पुढचे दुसऱ्या तबकडीवर आहे, मुलींनो, आणि ती आयर्लंडला राहिली." मी नऊ वर्षांची विधवा आणि तू रेल्वेतल्या हेडक्लार्कची लेक, आपल्याला आयर्लंड कुठे आहे हे नकाशात दाखवता यायचे, पण तिथली तबकडी कोण आणणार!

तर ती आली आहे. तिरमलगिरीच्या छावणीतला एक गोरा डॉक्टर घरचे सामान विकून विलायतेला निघाला. मी खुर्ची घ्यायला गेले होते. त्याच्या यंत्रावर कोणीतरी प्लेट लावून पाहत होते आणि मी दारातच उभी राहिले. वीस वर्षे झाली, पण उमे, पहिल्या दोन सुरांत ओळखले. खुर्ची राहिली. सगळे मिळून दोन प्लेटा, चार बाजू. आपण ऐकली ती या मोठ्या वादनातली एकच बाजू होती म्हणे. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरच्या घरात पाणी शिरले तेव्हा तबकड्यांवरचे मधले कागद भिजून निघून गेले, त्यामुळे कोणती कुठली ते लिहिलेले नाही. तुम्ही कानाने लावून घ्या.

माझ्याकडे यंत्र नाही. मास्तरणीच्या या खोलीत एक कॉट, एक टेबल आणि एक मांजर मावते. तू ऐक आणि पुढे काय होते ते मला लिही. किंवा नाताळात सरळ इकडे निघून ये आणि तोंडी सांग.

तुझी
द्वारका

—

जालना,
६ डिसेंबर १९३६

प्रिय द्वारके,

खोका सुखरूप मिळाला. मी आत्तापर्यंत तीनदा पत्र लिहायला बसले आणि उठले. काय लिहू?

आमच्याकडचे ऐकणे कसे असते ते आधी सांगते. हे कचेरीतून येतात, कोट काढतात, आणि चहाच्या आधी यंत्राला चावी देतात. त्या वेळी पक्षकार आला तर त्याला ओट्यावर बसवून ठेवतात. यांचा कान गाण्याचा. हैदराबादला, औरंगाबादला, कुठेही मैफल असली की वकिली खुंटीला टांगून निघणारा माणूस. तुझ्या तबकड्या पाहून म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीने गोऱ्यांचा बँड पाठवला वाटतं." मी सुई टेकवली.

पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजू जलद निघाल्या. दोन व्हायोलिने एकमेकींच्या मागे धावतात, एकीने बोलायला तोंड उघडले की दुसरी तेच वाक्य घेऊन पळते. आमची मोलकरीण तुळजाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "बाई, ह्यात गाणारा कुठं हाय? नुसता साजच वाजून राह्यला. गवई यायचा राह्यला का?" हे इतके हसले! मग दुसरी तबकडी लावली, आणि द्वारके, तीच. आपली. आपली बाजू संपली तशी मी सवयीने डोळे मिटले, सुई खरखरायची वाट पाहिली. यांनी प्लेट उलटली आणि त्या पुढे बोलू लागल्या.

पुढे काय होते ते तुला सांगते. काहीच होत नाही. त्या भेटतात. वरची खाली येते, खालची वर जाते, मध्ये कुठेतरी तुझी कोणती नि माझी कोणती ते मला कळेनासे झाले. मी रडले नाही, पण चहा निवून गेला.

हे म्हणाले, "बँड नाही. माफ कर म्हणावं. आणि ही संथ तबकडी शेवटचीच. ही त्यांची भैरवी आहे." तुला माहीतच आहे, मैफलीत भैरवी झाली की तिच्यावर कोणी दुसरे काही गात नाही. दुसऱ्या दिवशी यांनी बारीक कुंचल्याने तबकड्यांच्या मधोमध पांढरे आकडे घातले. एक, दोन जलद तबकडीवर. तीन, चार संथ तबकडीवर. आता रोज तसेच लावतो. चौथी बाजू झाली की यंत्राचे झाकण पाडायचे. नंतर घरात कोणी काही वाजवायचे नाही, असा यांचा नियमच झाला आहे.

नाताळात जमणार नाही गं. सासूबाईंचे वर्षश्राद्ध आहे, आणि धाकटे दीर श्रीपतराव हसनाबादेहून सहकुटुंब येणार आहेत. उन्हाळ्यात नक्की.

तुझी
उमा

—

सिकंदराबाद,
२ जून १९३९

प्रिय उमे,

तुझा 'नक्की' उन्हाळा हा तिसरा गेला. मी आता उन्हाळे मोजायचे सोडून दिले आहे, मांजराची पिले मोजते.

सोबत चार तबकड्या आहेत. आता लोक मला ओळखू लागले आहेत, छावणीतले कोणी विलायतेला निघाले की बटलर माझ्याकडे निरोप पाठवतो, "मिस्साब, बाजा बिकनेवाला है." यात एक मोत्सार्टची आहे, एक हँडेलची. एकीला चीर गेली आहे. टक् टक् वाजेल, पण ती टक् टक् सोडून ऐकायला शीक. मी लोकांचे बोलणे तसेच ऐकते.

तुमची भैरवी रोज वाजते का अजून? माझे एक स्वप्न आहे, हसू नकोस. आपण दोघी एका खोलीत बसलो आहोत आणि ती लावली आहे. तू वरचे, मी खालचे. बस्स, इतकेच. त्यात चहासुद्धा नाही.

तुझी
द्वारका

—

जालना,
१९ फेब्रुवारी १९४२

प्रिय द्वारके,

लढाईमुळे सुया मिळेनाशा झाल्या. मुंबईहून येणारे डबे बंद, आणि बोथट सुईने तबकडीला ओरखडे पडतात. मी म्हटले, आता यंत्राला झाकण. पण यांनी काय शोधून काढले, सांग! बाभळीचा काटा. आमच्याकडे काट्यांना काय तोटा? पुंजाराम, म्हणजे हसनाबादचा आमचा वाटेकरी, गाडीत टोपलीभर काटे घालून घेऊन आला. "वकीलसाब, ह्ये कुंपनाला व्हय?" हे म्हणाले, "नाही रे, गाण्याला." तो माझ्याकडे असा पाहू लागला, की बाईसाहेब, धन्याची तब्येत बराबर हाय ना?

हे दिवाणखान्यात बसून कानस घेऊन काटे घासतात. एक काटा दोन बाजूंना पुरतो. आवाज लहान होतो, पण मऊ होतो. खरखर गेली. आपली संथ बाजू काट्यावर ऐकली की वाटते, दोघी शेजारच्या खोलीत बोलताहेत आणि दार लोटलेले आहे.

कपाट भरत आले आहे. तू पाठवलेल्या सगळ्या तबकड्या मी पिंजलेल्या कापसाच्या थरांत उभ्या ठेवते, नाहीतर चैत्रात पापडासारख्या वळतात. गावातले लोक आता संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. कोणी म्हणते वकिलाकडे इंग्रजी भजन चालते.

हे म्हणतात, या उन्हाळ्यात दोघे मिळून सिकंदराबादला जाऊ. मी त्यांच्याकडून वचन घेतले आहे.

तुझी
उमा

—

जालना,
३० ऑगस्ट १९४३

द्वारके,

हे गेले. विषमज्वर होता. मिशनच्या दवाखान्यातल्या बाईंनी फार केले.

शेवटी शुद्धीवर होते तेव्हा "लाव" म्हणाले. मी शेवटची तबकडी लावली, दोन्ही बाजू. ऐकले. झाकण मीच पाडले.

आता लिहवत नाही.

उमा

—

सिकंदराबाद,
११ जानेवारी १९४४

प्रिय उमे,

तुझे पत्र मिळाल्यावर मी जालन्याला आले, तू आत होतीस, सोवळ्या बायकांच्या घोळक्यात. मला ओसरीवर बसवले. तुझी जाऊ रमाबाई बाहेर येऊन म्हणाली, "त्या सध्या कोणाला भेटत नाहीत." मी संध्याकाळच्या गाडीने परत फिरले. हे तुला कोणी सांगितले की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते. रागावून नाही.

आता मुद्द्याचे. आमच्या शाळेत लहान मुलींना इंग्रजी आणि गाणे शिकवायला बाई हवी आहे. मी तुझे नाव सांगितले आहे. राहायला माझ्या शेजारची खोली आहे. तिला खिडकी आहे, माझ्या खोलीला नाही. ती जागा मी धरून ठेवते.

तू म्हणशील, लोक काय म्हणतील. मला लोकांनी नऊ वर्षांची असताना सांगितले होते, संपले म्हणून. माझी तर पहिली बाजूसुद्धा वाजली नव्हती. तेव्हा माझ्या वडिलांनी लोकांचे ऐकले असते तर मी आज कोणाच्या तरी माजघरात वाती वळत असते, आणि वाती मला धड वळता येत नाहीत.

ये.

द्वारका

—

जालना,
२२ मार्च १९४४

प्रिय द्वारके,

तू आली होतीस हे मला तुझ्या पत्रातूनच कळले. ओसरीवर बसून गेलीस. मी आत होते आणि मला माहीत नव्हते. किती दिवस हेच मनात घोळते आहे.

पण मी येणार नाही. रागावू नकोस.

श्रीपतभाऊजी येऊन गेले. भले माणूस आहेत. म्हणाले, "वहिनी, ह्या भाड्याच्या घरात एकट्या कशाला राहता? हसनाबादला चला. तिथं तुमचं म्हणून एक दालन आहे. खर्चाची फिकीर बिलकुल करू नका." मी म्हटले, वर्षसहा महिने इथेच राहू द्या. ते म्हणाले, "राहा. मग मात्र चला." मी हो म्हटले आहे. जाईन. तिथे देवपूजा आहे, रमाबाईंची मुले आहेत. पुरे.

मैफलीत भैरवी झाल्यावर कोणी म्हणते का, आता आणखी एक चीज होऊ द्या? गवयाने तंबोरा गवसणीत घातलेला असतो. लोक दारात जोडे शोधत असतात. अशा वेळी जो बसून राहतो तो अडाणी. यांच्याबरोबर माझे जे होते ते भरपूर होते, द्वारके. त्याच्यावर आता शाळेतल्या मुलींची अ-आ-इ लावू?

ती खोली दुसऱ्या कोणाला दे. खिडकीची खोली रिकामी ठेवू नये.

तुझी
उमा

—

सिकंदराबाद,
८ जुलै १९४६

प्रिय उमे,

हे पत्र पाठवू की नको असे दोन आठवडे चालले आहे. मांजराला विचारले, ते उठून गेले. पाठवते आहे.

आमच्या शाळेत एक नवीन स्कॉच बाई आली आहे, संगीत शिकवायला. तिच्याबरोबर तिचे यंत्र आले. त्यावर तबकड्यांची चळत ठेवतात. वरची बाजू वाजून संपली की पुढची आपोआप खाली पडते आणि वाजू लागते. सगळ्यांच्या वरच्या बाजू झाल्या की अख्खी चळत एकदम उलटायची आणि पाठच्या बाजू वाजवायच्या. म्हणजे दोनच तबकड्या असल्या तर पहिलीच्या पोटावर पहिला भाग असतो आणि पाठीवर चौथा. दुसरीवर दुसरा आणि तिसरा. अशा यंत्रांसाठी तबकड्या मुद्दाम तशा काढतात, आणि गोऱ्या डॉक्टरचे यंत्र तसलेच होते. मला काय माहीत! आपल्याकडे नाटकाची पदे घेतली तरी एका तबकडीच्या पाठीला पाठ लागून दुसरे पद येते; त्यावरून गिरिधररावांनी आकडे घातले ते कोणीही घातले असते.

तिच्याकडे आपला संच आहे, कागदांसकट. मी तो आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकला. आधी एक जलद बाजू. मग आपली संथ, दोन बाजू. आणि उमे, त्याच्यानंतर दुसरी जलद.

ती भैरवी नाही. तो मधला भाग आहे.

संथ संपते तेव्हा मला उठून बाहेर जावेसे वाटले, तुझे पत्र आठवून. पण यंत्र थांबले नाही. तबकडी पडली आणि त्या दोघी पुन्हा धावू लागल्या. आधी धावत होत्या तशा नाही. कशा ते मला लिहिता येत नाही. मी काही तुझ्यासारखी लिहिणारी नाही. तू तुझ्या तबकड्या काढ आणि लावून पाहा: आकडा एक, मग तीन, चार, आणि शेवटी दोन.

खोली मी दिलेली नाही.

द्वारका

—

जालना,
२६ जुलै १९४६

द्वारका,

पत्र मिळाले.

सात वर्षे यांनी रोज स्वतःच्या हाताने ती तबकडी शेवटी लावली. जाताना तीच ऐकून गेले. तू आता मला सांगतेस की ते चुकले, आणि हेही सांगतेस की मी त्यांचे आकडे खोडून दुसऱ्या रीतीने लावून पाहावे. स्कॉच बाईच्या कागदावर काय छापले आहे ते तिला लखलाभ. या घरात तो शेवट होता, आणि शेवटच राहील.

तुला मला तिकडे न्यायचे आहे हे मला कळते. त्यासाठी हे शस्त्र काढायला नको होते.

उमा

—

सिकंदराबाद,
४ ऑगस्ट १९४८

प्रिय उमे,

दोन वर्षांत मी पाच पत्रे लिहिली. तुला मिळाली आणि तू उत्तर दिले नाहीस, की मिळालीच नाहीत, हे कळायला मार्ग नाही. हे कार्ड आहे. कार्ड तरी कोणी फोडणार नाही.

तुमच्या बाजूच्या बातम्या वाईट येतात. रझाकार, जाळपोळ. तू हसनाबादला आहेस की जालन्याला? भोकरदनकडची गावे ओस पडली असे ऐकते. तुझा राग राहू दे, पण एक ओळ लिही. 'आहे' एवढाच शब्द चालेल.

त्या पत्रातले मला परत घेता येत नाही. ऐकलेले न ऐकलेले कसे करू? पण ते मी शस्त्र म्हणून लिहिले नव्हते. एकटीने ऐकले आणि राहवले नाही.

द्वारका

—

जालना,
६ नोव्हेंबर १९४८

प्रिय द्वारके,

आहे.

तुझे श्रावणातले कार्ड मला काल मिळाले. आधीच्या पाचपैकी तीन पत्रे मिळाली होती. उत्तर मीच दिले नाही. मी हसनाबादला राहायला गेलेच नव्हते. आज जाते, उद्या जाते करत याच घरात राहिले. भाऊजींना सांगत होते की कपाटाची व्यवस्था लागली की येते. ती व्यवस्था चार वर्षे लागत होती.

श्रावणात भाऊजींनी पुंजारामला गाडी घेऊन पाठवले. त्यांचे सगळे कुटुंब आधीच हद्द ओलांडून वऱ्हाडात, देऊळगाव राजाला गेले होते. पुंजाराम म्हणाला, "बाईसाब, जल्दी करा. सामान न्हाई, मानसं." गाडीत त्याची बायको गोजरबाई होती. सामान नाही म्हणे, आणि तिने पाटा-वरवंटा घेतलेला! पुंजाराम तिच्यावर ओरडत होता, "अगं, वऱ्हाडात काय दगडं न्हाईत?" ती म्हणाली, "हाईत. माझ्या हाताचं न्हाईत." मग मलाही धीर आला. मी आत जाऊन त्या दोन तबकड्या घेतल्या, यांच्या शालीत गुंडाळल्या आणि मांडीवर घेऊन बसले. यंत्र, कपाट, बाकीच्या सगळ्या तबकड्या सोडून दिल्या.

वाट चिखलाची. पुढे एका ओढ्यापाशी सगळ्यांना उतरावे लागले. शाल मी गाडीतच ठेवली. बैलांनी हिसका दिला, गाडी कलली, आणि वरवंटा गडगडत गेला. मला आवाज आला. द्वारके, मी शाल उचलली, पुन्हा मांडीवर घेतली आणि उघडली नाही. देऊळगावला दोन महिने धर्मशाळेत काढले, तरी उघडली नाही. तिथे यंत्रही नव्हते, त्यामुळे उघडायचे काही कारण नव्हते, असे मी मलाच सांगत होते.

धर्मशाळेत काम नसायचे. भिंतीला टेकून मी तबकड्या मनात लावायची. यांचा क्रम: जलद, जलद, संथ, संथ, झाकण. रोज. मग एक दिवस, का ते विचारू नकोस, तुझा क्रम लावून पाहिला. पहिली जलद आली. संथ आली, दोन्ही बाजू. आणि पुढे मन जाईना. ती दुसरी जलद बाजू मी सात वर्षे ऐकली आहे, मला तिचा सूरन् सूर पाठ आहे. पण संथ बाजूनंतर ती कशी लागेल ते ऐकू येईना. हजारदा ऐकलेली बाजू, आणि ती मी कधी ऐकलीच नाही असे वाटू लागले. घरी गेले की पहिल्यांदा हे करायचे, मनाशी ठरवले. यांची परवानगी मागितली. यांनी नाही म्हटले नसते गं. मैफलीत कोणी "अहो वकीलसाहेब, इथे चुकलात" म्हटले की आधी कान पकडायचे आणि मग "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा" करत पुढे सरकून बसायचे. हा माणूस मी पाच वर्षे चुकीचा आठवत होते.

दिवाळीच्या आधी परत आलो. घराला कुलूप जसेच्या तसे. कपाटातल्या सगळ्या तबकड्या शाबूत. तुळजाबाईने यंत्रावर घोंगडी टाकून ठेवली होती.

शाल उघडली. पहिली तबकडी फुटली होती. तीन तुकडे. दुसरी, संथ, अगदी जशीच्या तशी.

गोजरबाई माझ्याबरोबरच आली होती, घर झाडून द्यायला. तिने तुकडे पाहिले आणि खालीच बसली. "बाई, माझ्या वरवंट्यानं झालं व्हय? मंग तुमी दोन महिने बोल्ल्या का न्हाईत?" मी म्हटले, पाहिलेच नव्हते. "न्हाई पाह्यलं तरी कळतंय की मानसाला," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग तिला म्हटले, उरलेली ऐकतेस का? ती म्हणाली, "लावा. न्हाई म्हनले तर तुमी एकल्याच बसताल."

जुना काटा निघाला. चावी दिली. गोजरबाई कर्ण्यासमोर पदर घट्ट धरून बसली होती. मध्येच म्हणाली, "दोघी बहिनी हाईत का?" मी म्हटले, मैत्रिणी. "भांडून राह्यल्या का?" नाही, म्हटले, बोलताहेत. "लई दिसांनी भेटलेल्या दिसतेत," ती म्हणाली. मी प्लेट उलटली. तीही संपली. माझा हात झाकणाकडे गेला. गोजरबाई जागची हलली नाही. माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग? फुडं?"

मी म्हटले, "पुढे आहे. इथे नाही."

म्हटले आणि माझे मलाच ऐकू आले.

आता या घरात ते वादन खरोखरच संथ तबकडीवर संपते. यांचे आकडे बरोबर ठरले म्हणायचे. पूर्वी मला ते पुरत होते, कारण पुढे काही आहे हे माहीत नव्हते. आता रोज ती संपते आणि मी ऐकत बसते, रिकाम्या खोलीत, पुढची कुठून तरी सुरू होईल म्हणून. तुझ्यावर रागावले ते याच्याचसाठी असावे.

भाऊजींना काल सांगितले, मी सिकंदराबादला जाते. ते म्हणाले, "वहिनी, तिकडे तुमचं कोण आहे?" मी सांगितले. ते म्हणाले, "तिला आम्ही ओसरीवरून परत पाठवलं होतं." त्यांना आठवत होते. कपाट इथल्या दवाखान्याला देणार आहे. तिथल्या बाईंकडे यंत्र आहे.

ती जागा आता भरली असेल. नसली तरी या वयात मला मुलींना गाणे शिकवता येईल की नाही कोण जाणे. खिडकीच्या खोलीत कोणी राहत असेल तर मी तुझ्या खोलीत जमिनीवर झोपेन. स्कॉच बाई असली तर तिला विचारून ठेव. नसली तर ते यंत्र कुठे गेले ते शोध.

शनिवारच्या गाडीने निघते. रविवारी तिथे. तीस वर्षांत तुझा एक फोटो आला होता, तोही शाळेतल्या घोळक्यातला आणि पुसट. माझे केस पांढरे झाले आहेत आणि मी जाड झाले आहे. तू ओळखणार नाहीस. तेव्हा फलाटावर इकडेतिकडे शोधत फिरू नकोस. एका जागी उभी राहा. शोधत मी येते.

तुझी
उमा